चारशे संत्र्यांचा रस

मलकापूर,
दि. ३ मार्च २०२५

ती. सोजराताईस,
अर्जुनचा शि. सा. न. वि. वि.

तुले फोनवर काही ऐकू येत नाही, म्हणून पत्रच लिहून राह्यलो. भाऊजींच्या पायाचं प्लास्टर कधी निघते ते कळव.

बातमी गोड आहे, पण भीत भीत सांगतो. आपल्या डिंपलले दिवस गेले आहेत. मागच्या दोन्ही वेळी काय झालं ते तुले माहीत आहे, म्हणून कोणापाशी बोललो नाही. जावई गोपालरावांची कंपनी पुण्याकडे, खोलीवर तिच्याजवळ बसणारं कोणी नाही, म्हणून ते स्वतः येऊन तिले माझ्याजवळ सोडून गेले. उलट्यांनी पोरगी अर्धी झाली ताई. पाणीसुद्धा टिकत नाही. दोनदा दवाखान्यात सलाईन लावून आणलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, औषध चालू ठेवा, पण पोटात जे टिकेल ते घोट घोट देत राहा.

टिकते फक्त संत्र्याचा रस. तोही थंड. गाडीवरचा आणू नका, घरी करा, आणि कच्चा न देता थोडा तापवून मग थंड करून द्या, असं बाईंनी बजावलं आहे. मी मिक्सरमध्ये फिरवून करतो. लगेच दिला तर पिते. पण सकाळचा रस संध्याकाळी काढला की कडूजहर. एक घोट घेते अन् दिवसभराचं सगळं बाहेर.

दुसरी काळजी मोठी आहे. संत्री एप्रिल संपता संपता बाजारातून जातील. उलट्या सहाव्या महिन्यापर्यंत राहू शकतात, असं बाई म्हणतात. मग मे-जूनमध्ये मी तिले काय देऊ? तिची आई असती तर तिनं काही तरी केलं असतं. मी चाळीस वर्षांच्या संसारात चहासुद्धा केला नाही, हे तू लग्नाकार्यात सगळ्यांले सांगतच असतेस. तू बचत गटाच्या बायांले सरबत, मुरंबे शिकवले. रस कडू न होता महिना-दोन महिने कसा ठेवावा, ते मले एखाद्या पोराले सांगावं तसं लिहून पाठव.

पाठीशी आहेस तशीच राहा.
तुझा,
अर्जुन

---

वडनेर भोलजी,
दि. ८ मार्च २०२५

चि. अर्जुन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी देवापुढे साखर ठेवली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पुन्हा वाचावंच लागलं, कारण तुझं अक्षर! मुंग्यांनी पाय शाईत बुडवून कागदावर शर्यत लावावी तसं. तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये बसून रजिस्टर लिहिणारा तो तूच ना?

आता नीट ऐक. तुझी संत्री वाईट नाहीत, तुझा मिक्सर वाईट आहे. कडूपणा संत्र्याच्या बीत असतो आणि फोडीवरच्या पांढऱ्या सालीत असतो. मिक्सर दोन्ही चिरडतो. तो कडूपणा लगेच जिभेला कळत नाही, रस ठेवला की सावकाश वर येतो. तेव्हा मिक्सर कपाटात ठेवून दे. संत्रं सोल, फोडी सुट्या कर, पांढरे दोरे काढ. प्रत्येक फोडीची कड बारीक कात्रीने काप, बी काढ, वरची साल सोलून आतला गर तेवढा पातेल्यात घे. मग तो धुतलेल्या मलमलीत घालून हलक्या हाताने दाब. जोर लावायचा नाही. तुला लिव्हर ओढायची सवय, म्हणून मुद्दाम लिहिते.

रसाचं पातेलं उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेव आणि लाकडी चमच्याने ढवळ. कडेला बारीक बुडबुडे धरले, वाफ दिसू लागली, की दोन मिनिटांनी खाली घे आणि पातेलं लगेच गार पाण्यात ठेव. फार तापवलास तर काढा होईल. गार झाल्यावर स्वच्छ, कोरड्या डब्यात भरून बर्फाच्या कप्प्यात. डबा उघडल्यावर त्याच दिवशी संपवायचा, वितळलेला पुन्हा गोठवायचा नाही.

आपल्या बांधावरच्या झाडांची संत्री आता चांगली पिकली आहेत. आमच्या शेतावरचा सालदार गोविंदा दर आठवड्याला एक पेटी एसटीत ठेवून देईल, स्टँडवरून उतरवून घे. मी स्वतः आले असते, पण यांना पलंगावरून उठवायला-बसवायला मीच लागते. डिंपलच्या पाठीवरून माझा म्हणून हात फिरव.

दोघांची खुशाली लवकर कळव, माझी माया आहेच.
तुझी,
सोजराताई

---

मलकापूर,
दि. २१ मार्च २०२५

ती. सोजराताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोन पेट्या पोचल्या. भाऊजींले सांग, असा रंग मलकापुरात कुठं दिसत नाही.

आता माझे पराक्रम ऐक. पहिल्या दिवशी रस चांगला झाला, पण बाईंनी तापवायले सांगितलं म्हणून मी तो खदखदा उकळला. तुझं पत्र समोर होतं तरीही. डिंपलनं वास घेतला अन् न्हाणीकडे पळाली. दुसऱ्या खेपेले बरोबर तापवला, पण काचेच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरून ठेवल्या. सकाळी पाहतो तर सगळ्या तडकलेल्या. गोठला की रस फुगते, हे तू लिहिलं नव्हतं बरं! काच असलेला रस द्यायची सोय नाही, सगळा मोरीत ओतला. ओतताना डोळ्यात पाणी आलं.

आता स्टीलचे छोटे डबे घेतले. वरून दोन बोटं जागा सोडून भरतो. एका डब्यात डिंपलचा एक दिवस. परवा भरलेला काल काढला, चमचाभर जिभेवर ठेवला, थोडा वेळ थांबलो. कडू नाही! तिनं चार वेळा अर्धा अर्धा कप घेतला अन् चारही वेळा टिकला. ताई, ते पाहून मी केबिनमधल्यासारखी मनातल्या मनात हिरवी झेंडी दाखवली.

आपल्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा केवढासा! शेजारचे गफ्फारभाई, स्टेशनजवळ कुल्फीचं दुकान आहे ते, त्यांच्याकडे जुना डीप फ्रीजर पडून होता. मी विचारलं नव्हतं. चार माणसं लावून घरात आणून ठेवला अन् म्हणाले, पोरगी जेवढी तुही, तेवढी माही.

एकच अडचण आहे. काम हळू होते. दिवसभर बसलो तरी दहा संत्री होतात.

तुझ्या पुढच्या पत्राची वाट पाहतो.
तुझा,
अर्जुन

---

वडनेर भोलजी,
दि. २७ मार्च २०२५

चि. अर्जुन यास,
आशीर्वाद.

बाटल्यांचं यांना वाचून दाखवलं, हे इतके हसले की पाय दुखला. पण चूक माझीही आहे. दोन बोटं जागा सोडायची, हे मला इतकं सवयीचं की लिहायचं राहूनच गेलं.

मात्र दिवसाला दहाच संत्री? माझ्या गटातली झुंबरबाई सत्तरीची आहे, तीसुद्धा तासाभरात एवढी सोलून मोकळी होते. वर्तमानपत्र समोर ठेवून बसतोस की काय? हात जरा चालव. झाडावरचा माल महिनाभराचाच आहे. आणि अक्षर सुधार, या खेपेचं पत्र तर पोस्टमनलाही दाखवून झालं.

डिंपलला अनेक आशीर्वाद. तिचं वजन कळव.
तुझी,
सोजराताई

---

मलकापूर,
दि. १९ एप्रिल २०२५

ती. सौ. आत्यास,
डिंपलचा शि. सा. न.

आत्या, हे पत्र बाबांना न सांगता लिहीत आहे. ते स्टँडवर तुमची पेटी आणायला गेले आहेत. मी आज जरा बरी आहे, उशीला टेकून बसता येतं. गेल्या पंधरा दिवसांत सलाईन लागलं नाही. वजन अर्धा किलो वाढलं. परवा सोनोग्राफीत बाळाचे ठोके ऐकले. पहिल्या दोन वेळी मी इथपर्यंत पोचलेच नव्हते.

लिहायचं कारण वेगळं आहे. तुमचं मागचं पत्र बाबांनी मला वाचून दाखवलं, झुंबरबाईंचं वाचून हसलेसुद्धा. मग पत्र घडी करून ठेवलं आणि त्या रात्री उशिरापर्यंत संत्री सोलत बसले. आत्या, बाबांचा उजवा हात थरथरतो. दीड वर्ष झालं. चहाचा कप धरला तर बशी वाजते. औषध चालू आहे, पण बारीक काम होत नाही. तुम्हाला कळवू नको म्हणून मला शपथ घातली होती. आत्याला आधीच भाऊजींच्या पायाची काळजी, असं म्हणाले. अक्षर त्यामुळेच तसं येतं.

तुम्ही कात्रीने फोडीची कड कापायला लिहिलंत, तेव्हा पहिले दोन दिवस त्यांची बोटंच कापली गेली. मी म्हटलं, राहू द्या बाबा, बाजारातली बाटली आणू. दुसऱ्या दिवशी पाहते तर कात्री डाव्या हातात. उजवा हात मांडीखाली दाबून धरायचा, संत्रं टेबलावर ओल्या फडक्यात बसवायचं आणि डाव्या हाताने एकेक फोड. सदुसष्टाव्या वर्षी डावा हात शिकले. आता दिवसाला वीस संत्री होतात. आज मी मोजलं, चारशेच्या वर संत्री झाली. एकेका संत्र्यात दहा फोडी धरा. मी पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघत असते. एवढं मन लावून माझ्यासाठी कोणी काही करताना मी पाहिलं नव्हतं. आईने केलं असेल, पण तेव्हा मी लहान होते, माझं लक्ष नव्हतं.

त्यांना अक्षरावरून चिडवू नका, एवढंच सांगायचं होतं. मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नका.

तुमच्या मायेत मला असंच ठेवा.
तुमची,
डिंपल

---

वडनेर भोलजी,
दि. २५ एप्रिल २०२५

चि. अर्जुन यास,
अनेक आशीर्वाद.

ही शेवटची पेटी. झाडं आता मोकळी झाली. यांचं प्लास्टर निघालं, काठी घेऊन ओट्यापर्यंत जातात.

तुझं काम कसं चाललं आहे ते मी इथे गटातल्या बायांना सांगत असते. कडू न होणारा रस करणं सोपं नाही, आमच्यातल्या निम्म्या जणी त्याला कंटाळून साखर-पाक घालून सरबतच करतात. तू न कंटाळता केलंस. मी तुझी मोठी बहीण, तुला नावं ठेवणं हा माझा हक्कच, पण खरं सांगायचं तर मला तुझा अभिमान वाटतो. घाई करू नकोस. जेवढं होईल तेवढं पुरे आहे.

डिंपलला सांभाळ, आणि तिच्यापाठोपाठ स्वतःलाही.
तुझी,
सोजराताई

---

मलकापूर,
दि. २८ मे २०२५

ती. सोजराताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी सांगतो की डिंपल ठीक आहे. म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

रविवारी दुपारी असं वादळ सुटलं की आमच्या भागातले विजेचे सहा खांब आडवे. लाईट गेली ती गेलीच. फ्रीजरमध्ये एकतीस डबे. पहिले काही तास झाकण उघडलं नाही, वरून गाद्या, गोधड्या टाकल्या. सोमवारी सकाळी हात घालून पाह्यलं तर वरचे डबे हलवले की आत डुचमळत होते. वायरमन म्हणे, अजून एक दिवस तरी लागते. ताई, मी झाकण पुन्हा घट्ट लावलं. बाजारात संत्रं नाही. एकतीस डबे म्हणजे पोरीचे एकतीस दिवस होते.

तेवढ्यात गफ्फारभाई आले. म्हणाले, काऊन रे अर्जुनराव, फ्रीजरले गोधडी पांघरून राह्यला, त्याले ताप आला का? त्यांच्याकडे मीठ-बर्फाच्या दोन मोठ्या पेट्या असतात, कुल्फी भरलेल्या. लाईट नाही म्हणून सगळा धंदा त्या दोन पेट्यांवरच होता. माझं तोंड पाहून तसेच परत गेले अन् एक पेटी हातगाडीवर घालून घेऊन आले. त्यातल्या कुल्फ्या गल्लीतल्या लेकराबाळांत वाटून टाकल्या, दुपारी बारा वाजता सगळी गल्ली कुल्फी खाऊन राह्यली होती. मी नको नको म्हणत होतो. ते म्हणाले, कुल्फी उद्या पुन्हा होते, संत्रं नाही होत.

एकोणीस डबे दगडासारखे कडक होते, ते पेटीत ठेवले, वर नवा बर्फ, मीठ, पोतं. मंगळवारी संध्याकाळी लाईट आली तोवर ते तसेच राह्यले. बारा वितळले. तू लिहिलं होतं पुन्हा गोठवायचं नाही, म्हणून नाही गोठवले. त्यातला एकच थंडगार होता तो डिंपलनं प्याला, बाकीचे वाटून दिले. आता एकोणीस दिवस आहेत. पुढं काय, ते माहीत नाही.

अजून एक. एप्रिलपासून तू माझ्या अक्षराले नाव ठेवलं नाही. तू अन् नाव ठेवणार नाही! म्हणजे डिंपलनं सांगितलं. हाव, उजवा हात हलते. तुले सांगायची लाज वाटली. लहानपणी तू पाटीवर माझा हात धरून अक्षर वळवून घेतलं होतं, म्हणून. हे पत्र डाव्या हातानं लिहिलं आहे. कसं आलं ते खरं खरं सांग.

तुझा,
अर्जुन

---

वडनेर भोलजी,
दि. ३ जून २०२५

चि. अर्जुन यास,
खूप खूप आशीर्वाद.

अक्षर वाईटच आहे. पण बालवाडीत तीस वर्षं काढलेली बाई म्हणून सांगते, दोन महिन्यांत डाव्या हाताने एवढं लिहिणारा विद्यार्थी मला मिळाला नव्हता. लाज मला वाटायला हवी, तुला नाही. झुंबरबाईचं नाव घेऊन मी जे लिहिलं ते आठवलं की जेवण जात नव्हतं.

आता माझी चोरी ऐक. डिंपलचं पत्र आलं त्या दिवशी मी झाडावरची उरलेली संत्री उतरवून घेतली. शेवटची पेटी तुला अर्धी आली होती, हे तू भिडेने बोलला नाहीस. उरलेल्या अर्ध्या पेटीचा आणि शेजारच्या मळ्यातून आणलेल्या संत्र्यांचा रस मी इथे काढला. पंधरा डबे झाले. नांदुऱ्याला आमच्या ओळखीच्या दूधवाल्याच्या फ्रीजरमध्ये ठेवले आहेत, त्याच्याकडे जनरेटर आहे. तुला सांगितलं नाही, कारण तू एकेक फोड डाव्या हाताने सोडवत असताना मी मागून भर घातली असती तर तुला वाटलं असतं, ताईचा भरवसा नाही. मला ते नको होतं. पण आता एकोणीसला पंधरा मिळव, जून निघतो.

गोविंदा शुक्रवारी भुशात बर्फ घालून डबे घेऊन येईल. गफ्फारभाईंना माझा नमस्कार सांग. अशी माणसं शेजारी आहेत म्हणून मी इथे स्वस्थ बसू शकते.

हात हलला तरी पत्र थांबवू नकोस.
तुझी,
सोजराताई

---

मलकापूर,
दि. ४ जुलै २०२५

ती. सोजराताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा दुपारची गोष्ट. गफ्फारभाईंच्या घरून अजीजुन्निसाभाभींनी माझ्यासाठी खिचडी अन् लोणचं पाठवलं. मी नेहमीसारखा ओट्यावर जाऊन जेवत होतो, पोरीले वास नको म्हणून. पाहतो तर डिंपल दारात उभी. म्हणे, बाबा, कशाचा वास आहे हो, चांगला येऊन राह्यला. मी ताट लपवायले लागलो. ती खाली बसली अन् माझ्याच ताटातले दोन घास घेतले. मग तिसरा. मी घड्याळ पाहत बसलो. अर्धा तास झाला, तास झाला. काही झालं नाही. संध्याकाळी तिनं भाकर मागितली. काल वरण-भात खाल्ला, आज वांग्याची भाजी. बाईंनी तपासलं, बाळाचं वजन जसं पाहिजे तसं आहे.

आज सकाळी रसाचा कप नेला तर नाक मुरडलं. म्हणे, बाबा, राग नका येऊ देऊ, आता हा वाससुद्धा नको वाटते. मी म्हटलं, बाई, राग कशाचा, याचीच तर वाट पाहत होतो.

पुरवून पुरवून वापरले म्हणून दोन डबे उरले होते. एक गफ्फारभाईंले दिला. दुसरा घेऊन मी ओट्यावर बसलो. ताई, चार महिने मी रोज चमचाभर रस जिभेवर ठेवला, कडू तर नाही एवढंच पाहायले. कसा लागते याच्याकडे ध्यानच नव्हतं. आज पहिल्यांदा गिलासभर प्यालो.

लय गोड होता.

तुझा,
अर्जुन

---

वडनेर भोलजी,
दि. २७ ऑक्टोबर २०२५

चि. अर्जुन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल सुखरूप पोचले. हे काठी टेकत फाट्यापर्यंत घ्यायला आले होते. बाळाला पाहून आलेली म्हणून दारातच सगळ्यांनी अडवलं. आपल्या छोट्या अर्पिताचे डोळे कोणासारखे, हे मी तीन घरांत तीन वेगवेगळं सांगून आले.

मला ऐकू येत नाही, म्हणून मी तुझ्या घरी आठ दिवस नुसतं पाहत होते. गोपालराव बाळाच्या बाबतीत मला न विचारता तुला विचारत होते. डिंपल तुझ्या हातचा चहा पिऊन ताजी होत होती. गफ्फारभाईंनी बारशाला एवढी कुल्फी आणली की पाहुणे जेवण विसरले. वहिनी गेल्यावर तुझ्या घराचं कसं होणार, म्हणून मी दोन वर्षं जीवाला लावून घेतलं होतं. ती काळजी मी तुझ्या ओट्यावर ठेवून आले.

एक काम तुझ्यावर सोपवलं आहे. झुंबरबाईच्या सुनेला दिवस गेले आहेत, आणि तिचीही उलट्यांनी तशीच दशा आहे. बाजारात नवी संत्री आली, म्हणून झुंबरबाई माझ्याकडे रस ठेवायची रीत विचारायला आली. मी सांगायला सुरुवात केली आणि थांबले. मी रस केला तो गटासाठी, विकण्यासाठी. एका आजारी जीवाच्या जिभेला सोसेल असा, दिवसामागून दिवस, मी कधी केला नाही. म्हणून तिला म्हटलं, हे माझ्यापेक्षा माझ्या भावाला जास्त कळतं, त्याच्याकडूनच शीक. शनिवारी सकाळच्या एसटीने सासू-सून दोघी तुझ्याकडे येत आहेत.

लेकीला, नातीला पोटभर आशीर्वाद. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
सोजराताई